‘वाचतायत ना, वाचू द्या’ हे कौतुक नको

वर्षाअखेरीस कोणीतरी उत्साहानं सांगतं, यंदा माझी साठ पुस्तकं वाचून झाली. कोणकोणती, असं विचारलं की यादी येते: निम्म्या कोझी मिस्टरी (लहान गावातल्या, रक्तपात न दाखवणाऱ्या हलक्याफुलक्या रहस्यकथा), वीसेक रोमान्स, उरलेल्या किशोरवयीनांच्या, म्हणजे यंग अ‍ॅडल्ट कादंबऱ्या. पुढचा वाद इतका ठरलेला असतो की दोन्ही बाजूंचे संवाद आधीच लिहून ठेवावेत. एक पक्ष नाक मुरडतो. हे काय वाचन आहे? हा तर निव्वळ वेळ घालवायचा उद्योग. दुसरा पक्ष धावत येतो, वाचकाच्या पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, अहो, हल्ली लोक काहीतरी वाचतायत हेच खूप नाही का? वाचू द्या. आज हे वाचतील, उद्या चांगलं वाचतील. या भांडणात सगळ्यांची सहानुभूती दुसऱ्याला मिळते, कारण तो प्रेमळ दिसतो. मला मात्र तोच जास्त खुपतो. नाक मुरडणाऱ्याला निदान पुस्तक वाईट आहे असं म्हणायचं असतं. चांगलं-वाईट ठरवायची काहीतरी मोजपट्टी त्याच्या हातात आहे. पाठ थोपटणाऱ्याला पुस्तकाशी देणंघेणंच नाही. माझं म्हणणं असं, की या पुस्तकांना दया नको, टीका हवी. ती त्यांना पेलवते.

आधी त्या ‘उद्या चांगलं वाचतील’चं बघू. यात हलकीफुलकी कादंबरी म्हणजे जिन्याची खालची पायरी. तिच्यावर पाय ठेवायचा तो वर जाण्यासाठी, तिथे बसायचं नाही. पण जी बाई वीस वर्षं रोमान्स वाचतेय आणि पुढची वीस वर्षंही वाचणार आहे, तिचं काय? ती पायरीवरच अडकली म्हणायची का? आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांबद्दल काय बोललं जातं ते आठवा. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिलेला माणूस, आणि त्याच्याविषयीचं ठरलेलं गौरववाक्य एकच: त्यांनी मराठी माणसाला वाचनाची गोडी लावली. ते खरंच आहे. पण हा गौरव लेखकाचा झाला की बालवाडीच्या शिक्षकाचा? त्यांचं कथानक कसं वळण घ्यायचं, रहस्य कुठे सैल पडायचं, हजारांतल्या कोणत्या दहा गोष्टी आजही उभ्या राहतात, यावर किती बोललं गेलं? एखाद्याला ‘गोडी लावणारा’ म्हटलं की त्याचं लिखाण तपासण्याच्या कामातून आपण सुटतो.

ही युक्ती जुनी आहे आणि ती नेमकी ओळखली होती एका बाईनं. 1856 साली जॉर्ज एलियट (हे एका इंग्लिश लेखिकेचं टोपणनाव) यांनी ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’मध्ये लेडी नॉव्हेलिस्टांच्या खुळचट कादंबऱ्यांवर एक जळजळीत लेख लिहिला. त्या स्वतः तोवर कादंबरीकार झालेल्या नव्हत्या. पहिली कथा प्रसिद्ध व्हायची होती. त्या लेखातल्या थट्टेची आठवण सगळे काढतात, पण त्यातलं एक निरीक्षण मला थट्टेहून मोलाचं वाटतं. लेखिकेची गुणवत्ता शून्य असते तेव्हा समीक्षकांच्या कौतुकाचा पारा उकळीला पोचलेला असतो. ती मध्यम दर्जाला आली की तो उतरतो, आणि ती खरोखर श्रेष्ठ लिहू लागली की गोठतो, असं त्या म्हणतात. सरसकट कौतुकातला अपमान याहून नेमका कोणी मांडलेला मला माहीत नाही. ‘वाचतायत ना, वाचू द्या’ हा तोच उकळता पारा. फरक एवढाच, की तेव्हा तो लेखिकांच्या वाट्याला यायचा, आता वाचकांच्याही येतो.

आता नाक मुरडणाऱ्यांकडे वळू. त्यांचे मुद्दे सगळेच पोकळ नाहीत. पहिला आणि सगळ्यात जुना म्हणजे साचा. रोमान्समध्ये ते दोघं एकत्र येणार, कोझीमध्ये खुनी सापडणार, गाव पुन्हा शांत होणार. शेवट ठाऊकच आहे तर वाचायचं कशासाठी? अमेरिकी समीक्षक एडमंड विल्सन यांनी 1945 साली ‘द न्यू यॉर्कर’मध्ये एका लेखाच्या मथळ्यातच हा प्रश्न विचारला: रॉजर अ‍ॅक्रॉइडला कोणी मारलं याची पर्वा कोणाला? (अ‍ॅक्रॉइड म्हणजे अ‍ॅगाथा ख्रिस्तींच्या एका रहस्यकादंबरीत खून होणारा माणूस.) त्याआधीच्या त्यांच्या लेखावर वाचकांची पत्रं आली होती, तुम्ही चुकीची पुस्तकं निवडलीत म्हणून. मग त्यांनी शिफारस झालेली पुस्तकं मागवली. त्यांतल्या एका नावाजलेल्या कादंबरीत चर्चच्या घंटा वाजवण्याच्या कलेविषयी पानंच्या पानं आहेत. ती आणि गावकऱ्यांची बरीचशी संभाषणं आपण गाळत गेलो, असं विल्सननी स्वतःच लिहून ठेवलंय. घंटा हा त्या कादंबरीचा कणा आहे. कणा काढून घेऊन मासा बेचव लागला म्हणणाऱ्याला काय सांगावं! तरीही त्यांचा प्रश्न उरतोच. शेवट ठरलेला असताना रस कशात?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मराठी वाचकाला फार दूर जावं लागू नये. संस्कृत नाट्यशास्त्रानं कथानकाच्या पाच अवस्था सांगितल्या: आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. फळ मिळणार हे गृहीतच धरलेलं. ‘शाकुंतल’ बघायला बसलेल्या प्रेक्षकाला दुष्यंत-शकुंतलेचं पुनर्मीलन होणार हे आधीपासून ठाऊक होतं, गोष्ट महाभारतातली. मग तो काय बघत होता? मीलन होणार हे नक्की असताना ते अशक्य वाटेल असं कवीनं कसं घडवलं, ते. सात अंकांपैकी पाचव्यात दुष्यंत तिला भर दरबारात नाकारतो. आजच्या रोमान्स लिहिणाऱ्या बायका कादंबरीचा साधारण तीन-चतुर्थांश भाग उलटला की जी जागा आणतात, जिथे सगळं संपलं असं वाटतं आणि जिला त्या ‘ब्लॅक मोमेंट’ म्हणतात, ती जागा कालिदासाला कोणत्या कार्यशाळेत शिकवली होती? मी दोघांची प्रतिभा एका तागडीत टाकत नाहीये. ठरलेला शेवट हा कलेचा अभाव नसतो, ती कलेनं स्वतःला घालून घेतलेली अट असते, एवढंच म्हणायचंय. ‘काय होणार’ हा प्रश्न बाजूला सरला की सगळा भार ‘कसं होणार’ यावर येतो, आणि तिथे लबाडी चालत नाही. ती दोघं एकमेकांपासून तुटली ती स्वभावामुळे की निव्वळ एक फोन न उचलल्यामुळे, हे मुरलेला वाचक लगेच ओळखतो आणि दुसऱ्या प्रकारच्या कादंबरीला माफ करत नाही.

जाता जाता, आपण नॉव्हेलला जो शब्द वापरतो तो बाणभट्टाच्या नायिकेचा. सातव्या शतकातली एक प्रेमकथा, तीही जन्मजन्मांतरीची, विरहानं ओथंबलेली. लिहिता लिहिता बाण गेला आणि मुलानं ती पुरी केली. तिचं नाव या सगळ्या साहित्यप्रकाराला चिकटलं. रोमान्स ही कादंबरी आहे का, असा प्रश्न निदान मराठीत तरी कोणी विचारू नये.

कोझी मिस्टरीची अट वेगळी. शोध घेणारी व्यक्ती हौशी, वस्ती लहान, रक्त पडद्याआड आणि सगळे दुवे वाचकापुढे उघड. या शेवटच्या अटीवर एके काळी फार गांभीर्यानं काम झालं. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूनं 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको, आजवर कोणाला न सापडलेलं विष नको, शोध घेणाऱ्यानंच गुन्हा केलेला नको, वगैरे. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रहस्यकथाकारांचा डिटेक्शन क्लब निघाला आणि सभासद शपथ घेऊ लागले, की आपले गुप्तहेर दैवी साक्षात्कारानं किंवा योगायोगानं कोडं सोडवणार नाहीत. शपथेत थट्टा होतीच, पण थट्टेखाली वाचकाशी केलेला करार होता: तुला माहीत असायला हवं ते सगळं तुझ्यासमोर ठेवीन आणि तरीही तुला दिसू देणार नाही. हे करायचं कसं? खरा दुवा दोन भडक गोष्टींच्या मध्ये ठेवायचा. वस्तूंच्या लांबलचक यादीत चौथ्या क्रमांकावर ठेवायचा. ज्या पात्राचं बोलणं कोणी मनावर घेत नाही अशा बडबड्या म्हातारीच्या तोंडी घालायचा. यातली शेवटची युक्ती तर सामाजिक निरीक्षण आहे. कोणाचं बोलणं आपण ऐकूनही ऐकत नाही, हे लेखिकेला पक्कं ठाऊक असल्याशिवाय ती साधत नाही. पुस्तक संपल्यावर मागं जाऊन ते वाक्य पुन्हा वाचणारा आणि ‘अरेच्चा, इथेच तर होतं’ म्हणून हसणारा वाचक आळशी आहे असं कोणाला म्हणायचं असेल, तर त्यानं आळस या शब्दाचा अर्थ पुन्हा पाहावा.

दुसरा आक्षेप पळवाटेचा. जग जळतंय आणि तुम्ही चहाच्या टेबलावरच्या खुनात रमलाय. इथे मला थोडं थांबावं लागतं, कारण आक्षेपात तथ्य आहे. ज्या चिमुकल्या गावात दर पुस्तकाला एक मुडदा पडतो तिथलं कोणीही घर विकून जात नाही. मेलेल्याचं दुःख दुसऱ्या प्रकरणापर्यंत आटोपतं आणि तिसऱ्यात केक भाजायला लागतात. हा दोष आहे, आणि चाहत्यांनी तो ‘अहो, हा प्रकारच तसा’ म्हणून झाकू नये. चांगल्या कोझीत मृत माणसाची जागा शेवटपर्यंत रिकामी जाणवते. सुमार कोझीत तो फक्त कोडं सुरू करण्यासाठी मरतो. पण पळवाट म्हणताना एवढं तरी पाहावं की या वाटेवर काय काय भेटतं. अ‍ॅगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधविभागात काम करत होत्या; विषांचं ज्ञान तिथलं. 1920 साली पहिल्या कादंबरीत त्यांनी जो गुप्तहेर आणला तो बेल्जियन निर्वासित आहे, युद्धानं घर हिरावलेला. आणि 1950 सालच्या ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’चं अख्खं रहस्य एका ताज्या सामाजिक वस्तुस्थितीवर उभं आहे: युद्धापूर्वी गावात कोण कोणाचं हे सगळ्यांना ठाऊक असे, आता नवा माणूस येतो, शिधापत्रिका आणि ओळखपत्र दाखवतो आणि तो सांगेल ते नाव त्याचं असं आपण मानून चालतो. शेजारी खरंच तो आहे का जो तो म्हणतो? लोकसंख्येच्या उलथापालथीवर त्या काळी लिहिलेल्या किती गंभीर कादंबऱ्यांनी हा प्रश्न इतक्या साधेपणानं विचारला असेल? वास्तव सुटल्याची तक्रार आपल्यालाही नवी नाही. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 1872 साली ‘नावल व नाटक’ यांविषयी निबंध लिहिला तेव्हाही मराठी नावलांच्या असंभाव्यतेवर बोट ठेवलं होतं. त्यांची टीका योग्यच होती, कारण त्यांनी ती नावलं वाचून केली होती.

रोमान्सवरचा आक्षेप सगळ्यात गंभीर आणि तो विल्सनसारख्या कंटाळलेल्या समीक्षकाकडून आलेला नाही. या कादंबऱ्या बायकांना काय गोड मानायला शिकवतात? मत्सर म्हणजे प्रेम, दमदाटी म्हणजे काळजी, नकार म्हणजे लाजणं? 1972 साली अमेरिकेत प्रचंड खपलेल्या ‘द फ्लेम अँड द फ्लावर’चा नायक सुरुवातीलाच नायिकेवर जबरदस्ती करतो आणि पुढे तोच तिचा प्रियकर. हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि ‘कल्पित आहे हो, एवढं काय’ हे तर उत्तरच नव्हे. जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेनं 1984 साली ‘रीडिंग द रोमान्स’मध्ये नुसत्या कादंबऱ्या न चाळता त्या वाचणाऱ्या बायकांशी बोलून पाहिलं. त्या बायका सांगत होत्या, पुस्तक हातात घेणं म्हणजेच घरातल्यांना सांगणं की हा वेळ माझा, आत्ता मला कोणी काही मागू नका. दिवसभर सगळ्यांची काळजी घेणाऱ्या बाईला काही तास अशा गोष्टीत घालवायचे होते जिथे कोणीतरी नायिकेची काळजी घेतं. रॅडवे तिथेच थांबल्या नाहीत. वाचण्याच्या कृतीत बंड आहे, पण पुस्तकातला मजकूर त्याच जुन्या व्यवस्थेशी समेट करायला लावतो, हेही त्यांनी स्पष्ट म्हटलं. टीका असावी तर अशी, वाचकाला मूर्ख न समजणारी आणि पुस्तकाला न सोडणारी. आज त्या 1972च्या नायकाला या प्रकारात पूर्वीइतकी सहज जागा मिळत नाही. ती मोडली कोणी? रोमान्सला हात न लावणाऱ्यांनी नक्कीच नाही. रोमान्स लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या बायकांनीच संमतीचा प्रश्न लावून धरला, जुन्या आवडत्या पुस्तकांवरही बोट ठेवलं, आणि लाज वाटत असताना ती लाज बोलून दाखवली. प्रेम होतं म्हणून भांडल्या.

यंग अ‍ॅडल्टबद्दल मात्र मी थोडक्यात बोलेन, कारण तिथला वाद बहुतेक वेळा पुस्तकांबद्दल नसतोच, वाचकाच्या वयाबद्दल असतो. चाळिशीच्या माणसानं सोळा वर्षांच्या मुलीची गोष्ट वाचावी का? हा प्रश्न मला कळत नाही. साठीतल्या माणसानं राजपुत्राची गोष्ट वाचली तर त्याला राजा व्हायचंय असं आपण समजतो का? या प्रकाराचं वेगळेपण वयात नसून कथन करणाऱ्याच्या जागेत आहे. मोठेपणी बालपण आठवणारा निवेदक पुढचं सगळं जाणून बोलतो. यंग अ‍ॅडल्टमधली मुलगी घडत असतानाच सांगते, तिच्याजवळ पश्चातबुद्धी नाही. एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ 1967 साली आली तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि लिहायला सुरुवात केली ती शाळेत असताना. त्या पुस्तकाची कच्ची, धारदार खरीखुरी भाषा पुढे कितीतरी प्रौढ लेखकांना साधली नाही. अनेकांच्या सोळा वर्षांच्या नायिका समुपदेशकासारख्या बोलतात. हा खरा दोष. त्यावर बोलायचं सोडून आपण वाचकाचा जन्मदाखला तपासत बसतो.

राहिला वेळेचा मुद्दा, आणि बाजाराचा. आयुष्य मोजकं, पुस्तकं अमाप. मग साधारण पुस्तकावर संध्याकाळ का घालवावी? विल्सनही शेवटी इथेच आले होते. युक्तिवाद म्हणून हा मला सगळ्यात पक्का वाटतो. फक्त तो लागू कोणाला केला जातो ते पाहा. सुमार राजकीय आत्मचरित्र वाचणाऱ्याला, युद्धकथांची बाराखडी गिरवणाऱ्याला, पाचशे पानी कंटाळवाणी ‘महत्त्वाची’ कादंबरी कर्तव्य म्हणून ओढणाऱ्याला कोणी तासांचा हिशोब मागत नाही. हिशोब मागितला जातो तो बहुतांशी बायका ज्या पुस्तकांत रमतात त्यांचा. हा योगायोग असेल तर फारच आज्ञाधारक योगायोग म्हणायचा.

बाजाराचं म्हणाल तर तिथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्याच बाजूला आहे. पुस्तकं आता ट्रोपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठरावीक प्रसंगांच्या, चिठ्ठ्या लावून विकली जातात: शत्रूचे प्रेमी, खोटं लग्न, खोलीत एकच पलंग. चिठ्ठी वाचून पुस्तक निवडण्यात गैर काही नाही. मीही निवडते. पण चिठ्ठ्या आधी आणि माणसं नंतर अशा क्रमानं लिहिलेली कादंबरी ओळखू येते. तिच्यातले दोघं एकमेकांचे शत्रू का आहेत हे लेखिकेलाही धड माहीत नसतं, चिठ्ठीवर तसं लिहिलंय म्हणून ते भांडतात. अशी पुस्तकं ढिगानं येतायत, आणि ती खपतात याला थोडे आपण चाहतेही जबाबदार आहोत. ‘मला आवडतं, विषय संपला’ हे आपलं लाडकं वाक्य. नाक मुरडणाऱ्यांपासून वाचवणारी ढाल म्हणून ते आपण उचललं, आणि आता त्याच ढालीआड रद्दीही सुखानं बसलीय. ‘गिल्टी प्लेझर’ या शब्दाचंही तसंच. अपराध कबूल करून टाकला की उलटतपासणी होत नाही. कवी ऑडन यांनी 1948 साली रहस्यकथेवर लिहिताना हे आपलं तंबाखू-दारूसारखं व्यसन आहे असं आधीच सांगून टाकलं, या कथांचा कलेशी संबंध नाही असंही म्हटलं, आणि मग त्याच लेखात या कथांच्या घडणीचं इतकं बारीक विश्लेषण केलं की व्यसनी माणसाकडून ते होणं नाही. त्यांची कबुली विसरावी आणि विश्लेषण उचलावं.

म्हणून पुढच्या वेळी कोणी साठ पुस्तकांची यादी सांगितली तर ‘वा, छान’ म्हणू नका आणि ‘पण काही चांगलं वाचलंत का’ असंही विचारू नका. त्यांतली कोणती अर्ध्यावर टाकली आणि का, एवढं विचारा. मी एकदा विचारलं होतं. उत्तर आलं: खुनी तिसऱ्या प्रकरणातच कळला, कारण अख्ख्या गावात लेखिकेनं आडनाव त्या एकट्या बाईलाच दिलं होतं. आणि मग पुढचा तासभर ती वाचक मला सांगत राहिली, की तिनं लिहिली असती तर आडनावं कोणाकोणाला दिली असती.